संघ सलग हरतोय, शुक्रवारी रात्री घरच्यांनी काय करावं?

पत्र

‘माझा मुलगा डॅलसजवळच्या एका हायस्कूलमध्ये अकरावीत आहे. यंदा पहिल्यांदाच तो शाळेच्या मुख्य अमेरिकन फुटबॉल संघात, म्हणजे व्हार्सिटीत, कॉर्नरबॅक म्हणून, म्हणजे बचावात, खेळतोय. चार सामने झाले, चारही हरले. गेल्या शुक्रवारी तर ७-४९. घरी आला की बोलत नाही, जेवत नाही, खोलीचं दार लावून घेतो. त्याचे बाबा स्टँडमध्ये बसून कोचवर ओरडतात. सासरे सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेत. ते म्हणतात, “हा खेळ नव्हे, मारामारी आहे, त्यापेक्षा अभ्यासाला बसव.” आम्हाला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही. “असू दे रे, खेळच आहे,” म्हटलं की तो आणखी चिडतो. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या गटात, आठ शाळा आहेत आणि अजून सहा सामने बाकी आहेत. काय बोलावं, काय करावं?’
– एक आई, टेक्सास

उत्तर

ताई, आधी हिशेब मांडू, कारण परिस्थिती तुम्हाला वाटते तितकी वाईट नाही. नियमित हंगामात शाळेचे दहा सामने असतात. आठ शाळांच्या डिस्ट्रिक्टमध्ये प्रत्येक संघ बाकीच्या सातांशी एकेकदा खेळतो. उरलेले तीन सामने बाहेरच्या संघांशी, आणि ते बहुधा हंगामाच्या सुरुवातीलाच होतात. प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, कोण जाणार, हे फक्त डिस्ट्रिक्टमधल्या सामन्यांवर ठरतं आणि पहिले चार संघ पुढे जातात. तुमच्या मुलाच्या संघाचं वेळापत्रक असंच असेल, तर हरलेल्या चार सामन्यांपैकी तीन या हिशेबात धरलेच जात नाहीत. एक हार आणि सहा सामने शिल्लक, अशी त्यांची खरी स्थिती आहे. सातातले चार जिंकणारा संघ साधारणपणे शर्यतीत असतो.

हे तुमच्या मुलाला पाठ आहे, त्याला समजावत बसू नका. पण तुम्हाला, बाबांना आणि आजोबांना ते माहीत हवं. ‘वर्ष फुकट गेलं’ असा चेहरा करून घरातली तीन मोठी माणसं टेबलाशी बसली, तर तो खोलीत निघून जाणारच.

‘असू दे, खेळच आहे’ याचा त्याला राग का येतो? ऑगस्टच्या चाळीशीला टेकलेल्या उन्हात हेल्मेट आणि पॅड चढवून त्याने सराव केलाय. शाळेच्या वेळापत्रकात त्याचा एक तास ॲथलेटिक्सचा असतो. शिवाय शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठ तासांपर्यंत सराव घ्यायला परवानगी आहे, आणि तेवढा तो बहुतेक ठिकाणी होतोच. शुक्रवारी सकाळी जर्सी घालून शाळेत जायचं, पेप रॅलीत, म्हणजे संघाला पाठिंबा द्यायच्या मेळाव्यात, सगळ्या शाळेसमोर उभं राहायचं, रात्री काही हजार माणसांसमोर हरायचं आणि सोमवारी त्याच वर्गांतून हिंडायचं. इतकं केल्यावर ‘खेळच आहे’ हे शब्द त्याला सांत्वनाचे वाटत नाहीत. आपण केलेल्या कष्टांना कुणी किंमतच देत नाही, असं त्याला वाटतं.

आता शुक्रवारची रात्र. सामना कितीही एकतर्फी झाला तरी शेवटपर्यंत बसा. तिसऱ्या क्वार्टरनंतर (सामन्याचे असे चार भाग असतात) स्टँड रिकामा होतो, तो मैदानातल्या पोरांना स्पष्ट दिसतो. शिट्टी वाजल्यावर हार असो वा जीत, बऱ्याच शाळांमध्ये संघ आपल्या बँडसमोर उभा राहून शाळेचं गीत म्हणतो. त्या वेळी तुम्ही उभे असायला हवेत. मग कोच मुलांना मैदानातच एका बाजूला घेऊन बोलतात. तिकडे जाऊ नका, कुंपणाजवळून हाकाही मारू नका. त्यानंतर फील्ड हाउस (मैदानालगतची कपडे बदलायची जागा), अंघोळ, सामान जमा करणं. बाहेरगावचा सामना असेल तर बसचा प्रवास. मुलगा तुमच्या हाती लागेपर्यंत अकरा तरी वाजतात. एरवी तो स्वतः गाडी चालवत येत असेल तर हरलेल्या रात्री तुम्ही आणायला जा. दमलेल्या, डोक्यात सामना घोळणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने मध्यरात्री एकट्याने गाडी चालवू नये.

गाडीत तुम्ही बोलायची वाक्यं दोनच: ‘कुठे लागलंय का?’ आणि ‘खायला काय करू?’ त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल, नसेल तर रेडिओ लावा. ‘नेमकं काय झालं?’ हा प्रश्न त्या रात्री नको. हरलेल्या संघाचं कौतुकही त्या रात्री नको. ‘तू तर छान खेळलास’ म्हणालात की तो लगेच मनात ताडून बघतो, आणि तुम्हाला खेळ कळत नाही हे त्याला माहीत असल्यामुळे तुमची ती गोड वाक्यं त्याला खोटी वाटतात. खरोखर पाहिलेलं काही नेमकं सांगता येत असेल तर जरूर सांगा, पण शनिवारी.

नेमकं पाहता यावं म्हणून कॉर्नरबॅकचं काम थोडं समजून घ्या. मैदानाच्या कडेला, समोरच्या संघाच्या रिसीव्हरसमोर, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूसमोर, तो एकटा उभा असतो. त्याची चूक सगळ्यांना दिसते, कारण तिथे आडोसाच नाही. पण दिसते ती चूक त्याचीच असते असं नाही. ‘कव्हर टू’ नावाची एक मांडणी असते. तिच्यात मागे दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, अर्धं अर्धं मैदान सांभाळतात आणि कॉर्नरबॅकने पुढचा, कडेचा उथळ भाग राखायचा असतो. रिसीव्हर सरळ खोल पळाला की त्याला सुरुवातीला अडथळा करून मागच्या सेफ्टीच्या हवाली करायचं, हेच त्याला शिकवलेलं असतं. सेफ्टीला पोहोचायला उशीर झाला तर टचडाउन होतो, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन गुण मिळतात, आणि स्टँडमधून वाटतं, ‘अरे, आपल्या पोराने त्याला सोडलंच!’ खरं तर त्याने सांगितलं तेवढंच केलेलं असतं. त्या डावात, म्हणजे चेंडू सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतच्या त्या एका खेळीत, कोणती मांडणी होती हे तुम्हाला वरून कळणार नाही. म्हणून ‘तो तुझ्या हातून सुटला कसा?’ हा प्रश्न घरातल्या कुणीच विचारायचा नाही.

आणि ७-४९ या आकड्याचंही एक गणित आहे. संघ तीन-चार टचडाउनने मागे पडला की ऑफेन्सला, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूंना, घाईने पास फेकावे लागतात. पास खाली पडला की घड्याळ थांबतं. तीन पास वाया गेले की चेंडू परत द्यायचा, आणि यात मिनिटभरही जात नाही. डिफेन्सची, म्हणजे बचावाची, पोरं बाकावर टेकून पाणी पितात न पितात तोच पुन्हा मैदानात. चौथ्या क्वार्टरपर्यंत त्यांचे पाय गळतात आणि दमलेल्या डिफेन्सवर आणखी गुण होतात. शेवटचे दोन-तीन टचडाउन बऱ्याचदा या दमण्याचेच असतात. म्हणून ४९ हा आकडा एकट्या डिफेन्सच्या माथी मारू नका, आणि सगळा दोष ऑफेन्सच्या पोरांवरही ढकलू नका. तीही त्याचे मित्रच आहेत. घरी त्यांची नालस्ती झाली तर सोमवारी लॉकर रूममध्ये त्यांच्याशेजारी बसायचं अवघड होतं.

जेवत नाही म्हणता, त्याला दुःखाइतकंच शरीरही कारण आहे. जोरदार श्रम आणि उष्णता यांनंतर तास-दोन तास भूक मरते. ताट वाढून समोर बसू नका. आधी पिण्याचं द्या. सामन्याआधी आणि नंतर त्याने वजन केलं असेल तर घटलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण दीड लीटर द्रव पुढच्या काही तासांत पोटात जायला हवा. एका दमात नव्हे, घोट घोट. नुसतं पाणी पुरत नाही, घामातून मीठ गेलेलं असतं. मीठ-जिरं घातलेलं ताक उत्तम. अर्धा लीटर चॉकलेट दूधही चालतं, त्यातून पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं आणि साखर दोन्ही मिळतात. नंतर मऊ मुगाची खिचडी, डाळ-तांदूळ समसमान, वर तूप आणि सोबत दही. अंडी खात असेल तर दोन-तीन अंड्यांचं ऑम्लेट आणि पोळी, नाहीतर दीडशे ग्रॅम पनीर, ज्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. खिचडी झाकून ओट्यावर ठेवा, ‘ठेवलीय’ एवढंच सांगा आणि दिवा मालवून झोपायला जा. पुष्कळ मुलं साडेबाराला गुपचूप येऊन खातात. तळलेलं आणि एनर्जी ड्रिंक मात्र नको. आधीच झोप लागत नाही, त्यात कॅफिनची भर कशाला?

आता सर्वांत महत्त्वाचं. ‘बोलत नाही, दार लावून घेतो’ हे दरवेळी हरल्याचंच दुःख असतं असं समजू नका. डोक्याला मार लागला असेल तरी मूल असंच वागतं. त्याच रात्री पाहून घ्या: डोकं दुखतंय का, मळमळतंय का, दिव्याचा त्रास होतोय का, सामन्यातला एखादा भाग आठवत नाहीये का, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय का, चालताना झोकांड्या जातात का. यातलं एकही असेल तर शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरला, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्याला, रात्रीच कळवा. नंबर आधीच फोनमध्ये असू द्या. डॉक्टरांना किंवा ट्रेनरला विचारल्याशिवाय दुखणं दाबणारी गोळी देऊ नका. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या थांबेनात, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, झटका आला किंवा नीट जागा होईना, तर थेट ९११.

२०११ च्या टेक्सासच्या कायद्याप्रमाणे डोक्याला मार लागल्याचा संशय आला की त्या दिवशी मुलाला पुन्हा मैदानात उतरवता येत नाही. पुढेही डॉक्टरांचं लेखी पत्र आणि पालकांची सही लागते. मग टप्प्याटप्प्याने परतायचं असतं, एकेका टप्प्याला निदान एक दिवस. कोच एकटे परवानगी देऊ शकत नाहीत. हरणाऱ्या संघात मुलं मार लपवतात, कारण ‘आधीच माणसं कमी, त्यात मी कसा बसू?’ असं त्यांना वाटतं. म्हणून हे त्याला हंगामातल्या एखाद्या शांत दिवशी सांगून ठेवा: डोक्याचं लपवलंस तर आम्ही रागावू, बाकावर बसलास तर मुळीच रागावणार नाही.

शनिवारी सकाळी बहुतेक शाळांमध्ये मुलं शाळेत जमून सामन्याचं चित्रण बघतात, अंगही मोकळं करून घेतात. चूक कुणाची होती हे तिथे कोच दाखवतात, शब्द न चोरता. ते झाल्यावर मूल बहुधा हलकं होतं, कारण रात्रभर मनात घोळणारी गोष्ट काय होती ते त्याला कळतं. तेव्हा विचारलंत तर चालेल: ‘या आठवड्यात कशावर काम करायचंय?’ चित्रण मुलाच्या फोनवरही असतं. त्याने बोलावलं तरच शेजारी बसा आणि त्यालाच समजावून सांगू द्या. रविवारी शाळेला सामना किंवा सराव घ्यायला टेक्सासच्या नियमांनी मनाई आहे. तो दिवस पूर्ण घरचा. फुटबॉलचा विषय तुम्ही काढायचा नाही. उशिरा उठू दे, त्याच्या आवडीचं जेवण करा, दुपारी वेगळ्याच कामाला लावा.

सोमवार सर्वांत जड. त्या दिवशी सकाळी त्याच्याआधी उठून डबा भरून द्या आणि शाळेतून आल्यावर प्रश्न विचारू नका.

बाबांशी तुम्ही बोला, पण सामना चालू असताना नव्हे. त्यांची तगमग खरी आहे, तिची जागा तेवढी चुकतेय. स्टँडमधून ओरडलेलं कोचला बहुधा ऐकू जात नाही. ऐकू जातं ते आजूबाजूला बसलेल्या पालकांना, आणि त्यांच्या मुलांकडून ते सोमवारी तुमच्या मुलाला कळतं. अनेक शाळांत एक रीत आहे: सामना संपल्यापासून चोवीस तास कोचशी संपर्क साधायचा नाही. तुमच्या शाळेत नसली तरी तुम्ही पाळा. त्यानंतर ईमेल करून वेळ मागता येते. मुलाची तब्येत, वागणूक, अभ्यास आणि ‘त्याने सुधारणा कशात करावी’ हे विषय कोच ऐकून घेतात. त्याला किती वेळ खेळवलं, कोणता डाव का लावला, अमक्याचा मुलगा का खेळतो, हे विषय काढले की भेट तिथेच संपते. खेळायला किती वेळ मिळतो याबद्दल विचारायचं असेल तर मुलाने स्वतः विचारावं. पालकांच्या फेसबुक ग्रुपवर तर बाबांनी सामन्याबद्दल एक अक्षर लिहू नये.

आजोबांची काळजी फेटाळून लावू नका, त्यांना खरी माहिती द्या. टेक्सासमध्ये १९८४ पासून कायदाच आहे, आणि आताच्या नियमाप्रमाणे कोणत्याही विषयात सत्तरच्या खाली गुण गेले तर विद्यार्थ्याला निदान तीन आठवडे सामने खेळता येत नाहीत. काही प्रगत विषयांना सवलत असते, कोणत्या ते शाळेत विचारा. म्हणजे हा खेळ अभ्यास सोडून खेळताच येत नाही. पहिल्या सहा आठवड्यांची गुणतपासणी आता जवळ आलीच असेल, तेव्हा अभ्यासावर लक्ष ठेवायचं काम आजोबांनी आनंदाने घ्यावं, फक्त शुक्रवार-शनिवार सोडून. मारामारीचं म्हणाल तर पूर्ण अंगावर जाऊन टॅकल करायच्या सरावाला हंगामात आठवड्याला नव्वद मिनिटांची मर्यादा आहे, हेही त्यांना सांगा.

आणि आजोबांना स्टेडियममध्ये आणा. एका वहीत त्यांना दोनच गोष्टी नोंदवू द्या. पहिली, समोरच्या संघाचे तिसरे डाउन किती आणि त्यांतले किती आपण अडवले. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड पुढे जायचं असतं आणि बहुतेक संघ चौथ्यावेळी चेंडू लाथाडून देतात, म्हणून तिसरा डाउन म्हणजे खरी झुंज. दुसरी, आपला डिफेन्स एकूण किती डाव मैदानात होता. साठच्या आसपास असेल तर नेहमीचं. ऐंशीकडे सरकला तर पोरं का दमली ते वहीतच दिसेल. अशा दोन-तीन शुक्रवारांच्या नोंदी झाल्या की हरलेल्या सामन्यातसुद्धा सुधारणा मोजता येते. ‘गेल्या वेळी बारापैकी तीन अडवले होते, आज अकरापैकी पाच,’ हे आजोबांच्या तोंडून आलेलं वाक्य त्याला पटेल, कारण ते खरं असेल आणि मोजलेलं असेल.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमांबद्दलही सांगावंसं वाटतं. दसरा, कोजागिरी, दिवाळी सगळं याच हंगामात येतं. तिथे एखादे काका हमखास विचारतात, ‘काय रे, परत हरलात म्हणे?’ हेतू वाईट नसतो, पण मूल पुढच्या वेळी यायलाच नकार देतं. जवळच्या दोघा-तिघांना आधी सांगून ठेवा की त्याला खेळाचं विचारू नका. त्याला यायचं नसेल तर या हंगामापुरता आग्रह करू नका. पुढच्या वर्षीही कोजागिरी आहेच.

‘मी सोडतो’ असं तो कधी म्हणाला तर शुक्रवारी रात्री त्यावर हो किंवा नाही काहीच म्हणू नका. ‘सोमवारी बोलू’ एवढंच. सोमवारीही तेच म्हणत असेल तर कारण शोधा: हरणं, दुखापत, की संघात कुणी छळतंय? ॲथलेटिक्स हा वेळापत्रकातला तास असल्यामुळे मध्येच सोडलं तर विषय बदलावा लागतो, म्हणून आधी त्याने कोचला आणि मग काउन्सेलरला भेटावं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, मित्र तुटले, अभ्यास बसला किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं तो बोलला, तर ते फुटबॉलचं दुःख समजून थांबू नका. शाळेच्या काउन्सेलरला त्याच दिवशी गाठा. ९८८ या मानसिक संकटात मदत करणाऱ्या क्रमांकावर दिवसरात्र फोन किंवा मेसेज करता येतो.

शेवटचं काम संघासाठी. हरणाऱ्या संघाच्या बूस्टर क्लबला, म्हणजे संघाला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळाला, माणसं कमी पडू लागतात, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही नाव दिलंत तर मुलाला ते न सांगता कळतं. बऱ्याच शाळांत गुरुवारी संध्याकाळी सगळ्या संघाला एकत्र जेवण असतं. साठ मुलांचा अंदाज धरा. एक प्रकार घ्या आणि तोच भरपूर करा, कारण दहा प्रकार थोडे थोडे आणले की मोठी पोरं आधी संपवतात आणि मागच्यांना उरत नाही. भात चालतो, साठ मुलांना सहा-सात किलो कोरडे तांदूळ लागतात, सोबत कमी तिखटाचा राजमा किंवा कोंबडीचा रस्सा. सामन्याच्या आदल्या दिवशी मसालेदार आणि तेलकट नको. मोठ्या बर्फपेटीत उकळतं पाणी ओतून ती पंधरा मिनिटं बंद ठेवा, पाणी टाकून द्या आणि मग त्यात झाकलेले गरम ट्रे ठेवा. दोन-तीन तास जेवण गरम राहतं. कुणाला ॲलर्जी असू शकते म्हणून शेंगदाण्याचं कूट किंवा काजू घालायचे नाहीत, आणि प्रत्येक ट्रेवर आत काय काय आहे ते इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.